अक्काची बाज आणि दोन विमानं

एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा मामा राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि पंचाईत तिथेच होती.

त्याची थोरली बहीण म्हणजे अक्का. अक्काची लेक वृषाली दूर परदेशात राहायची. तिला मुलगी झाली. नातीला मांडीवर घ्यायला अक्काचा जीव तळमळत होता. पण तिची पाठ अधू, तासभर बसलं की कळ मस्तकात जायची. झोप लागायची ती फक्त दाजींनी, तिच्या नवऱ्याने, विणलेल्या सुंभाच्या बाजेवर. दाजी गेल्यापासून तिला दुसरीकडे डोळा लागत नसे.

जावई फोनवर म्हणाला, "ऐसपैस जागा देणाऱ्या दोन विमान कंपन्या आहेत. एक गरुड, एक राजहंस. दोघींचं हाडवैर. मामांना आधी पाठवा. जाताना गरुड, येताना राजहंस. जिच्यात पाठीला आराम, तिचं तिकीट आईंना काढू."

निघताना अक्का म्हणाली, "परक्याच्या दारात चाललास. चपला बाहेर काढ. आपणहून काही मागू नको."

रखमाजीने गरुडाच्या दारात चपला काढल्या आणि आत जाऊन बसला. विमान उडालं. चपला राहिल्या.

जेवणं झाली. लोकांनी बटणं दाबली, खुर्च्यांचे पलंग झाले. विमानातली बाई येऊन एकेकाला पांघरूण घालू लागली. रखमाजी हळहळला. एवढी धडधाकट माणसं, जेवली आणि एकदम आजारी पडली! बाईने त्यालाही विचारलं, "काका, पलंग करून देऊ?"

"नको बाई. मला काही झालेलं नाही."

तो ताठ बसून राहिला. शेजारचा साहेब कण्हल्यासारखा वाटला, तेव्हा त्याने बाळंतिणीसाठी आणलेलं तेल काढलं आणि साहेबाचे तळपाय चोळायला घेतले. साहेब किंचाळला. बाई धावत आली.

"काका, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही! ज्याची त्याची खोली समजा. बंद दारातून आत शिरायचं नाही."

"बरं," रखमाजी म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

वृषाली न्यायला आली. मामा अनवाणी.

"मामा, चपला?"

"दारात काढल्या. तिथेच असतील."

"अरे देवा! विमान म्हणजे घर नव्हे, गाडी आहे. आपली वस्तू आपल्याबरोबर न्यायची, मागे ठेवायची नाही."

"बरं," रखमाजी म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

परतताना राजहंस. तिथे प्रत्येकाला खरंच छोटी खोली, तिला सरकतं दार. नव्या चपला काखेत धरून रखमाजी आत बसला. थोड्या वेळाने मोरीकडे जाऊन आला, तर मागून कुणीतरी दार लावून घेतलेलं. तो बाहेरच उभा राहिला.

राजहंसची बाई म्हणाली, "काका, आत जा ना."

"दार बंद आहे. आत कुणीतरी असेल."

"अहो, आत तुम्हीच होता!"

"मग झोपलो असेन. उठवू नका."

बाईने कपाळाला हात लावला. तिने उघडलेलं दार त्याने पुन्हा हळूच ओढून घेतलं. शेवटी तिने त्याला उभ्या उभ्याच चहा दिला.

घरी अक्का वाट बघत होती. "बोल, कुठली बरी?"

"गरुडात माणसं आजारी पडतात, पण बसायला मिळतं. राजहंसात खोली मिळते, पण उभं राहावं लागतं."

"आणि आडवं व्हायला?"

"त्यासाठी आधी आजारी पडावं लागतं, अक्का."

अक्काने नातीचा फोटो हातात घेतला. तो पदराने पुसून म्हणाली, "राहू दे मग. मी हिला अशीच बघते."

 रखमाजीला वृषालीचं बोलणं आठवलं. आपली वस्तू आपल्याबरोबर न्यायची!

"अक्का, तू तिकीट काढायला सांग. आडवं व्हायचं माझ्याकडे लागलं."

ठरल्या दिवशी टेंपोतून दाजींची बाज विमानतळावर उतरली. वाटेत अक्काची पाठ धरली होती. ती जरा टेकली, आणि बाजेवर टेकताच तिला गाढ झोप लागली. रखमाजी आणि हमालाने बाज तशीच उचलून आत आणली.

काउंटरवरचा माणूस मान खाली घालून काहीतरी टाइप करत होता. "सामान पट्ट्यावर ठेवा."

रखमाजीने अक्काकडे बघितलं. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्याने हमालाला खूण केली आणि बाज अलगद पट्ट्यावर ठेवली.

पट्टा सुरू झाला. अक्का निघाली. रबरी पडदा हलला आणि अक्का दिसेनाशी झाली. मग आतून तिचा जागा झालेला आवाज आला.

"रखम्या, विमान सुटलं का रे?"

"सुटलं, अक्का! पाठ कशी आहे?"

"झकास! येतानाही हीच कंपनी घे!"