शिद्रामची कोरी जागा

हणमापुरात शिरलं की गिरणीच्या फाटकासमोरची लांबच लांब भिंत आधी नजरेत भरते. तिच्यावर देवाएवढाले मजूर रंगवलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध चेहऱ्याएवढी जागा कोरी आहे. पाहुणे हमखास विचारतात, "रंग संपला होता का?" रंग संपला नव्हता. एका आईनं तो लावू दिला नव्हता.

फार मागं, असं सांगतात, गिरणीचा संप चिघळला आणि फाटकावर गोळी चालली. यल्लूबाईचा शिद्राम ना मेलेल्यांत सापडला, ना कोठडीत. बिचारी दारोदार विचारत फिरली.

गावात इस्माईल पेंटर होता. उमेदीच्या काळात तो जहाजावर कोळसा ओढायचा आणि मेक्सिकोत उतरून तिथल्या चित्रकारांना चुना कालवून द्यायचा, म्हणे. तिकडे भल्यामोठ्या भिंतींवर राजेरजवाडे नव्हते, शेतकरी नि खाणकामगार होते. निरक्षरालाही वाचता यावा असा इतिहास! ती विद्या घेऊन तो परतला. गिलावा ओला आहे तोवरच रंग भिंतीत मुरतो, म्हणून दिवसात रंगवून होईल तेवढीच भिंत तो सकाळी लिंपायचा.

गोळीला बळी पडलेले सगळे त्यानं भिंतीवर उभे केले. शेवटी शिद्रामची जागा लिंपून कुंचला उचलला, तशी यल्लूबाई आडवी आली.

"माझं लेकरू मेल्यालं न्हाई, इस्माईलभाऊ. मेलेल्यांत त्याला बसवू नगं."

"आक्का, गिलावा वाळला की रंग धरत न्हाई."

"मग वाळू दिऊ नगं. त्यो आला की समोर बसवून काढ."

तिनं ओलं गोणपाट लावलं, पाणी मारलं. पण चुना कुणाच्या बापाचं ऐकतो? सकाळी जागा दगडासारखी झाली होती. ती ढसाढसा रडली. इस्माईलनं गिलावा खरवडला आणि नवा लावला.

मग तो तिचाच नेम झाला. रोज खरवडायचं, रोज लिंपायचं. चुन्यानं हात फुटले. लोक वेडी म्हणाले, म्हणोत. इस्माईलही रोज रंग कालवून आणायचा, दुपारपर्यंत तिच्याजवळ बसायचा आणि रंग ओतून टाकायचा. वाटेकडे लागलेले तिचे डोळे अखेर तसेच मिटले. त्या सकाळी शेजारणीनं गिलाव्याची थापी उचलली.

आजही तिथं रोज ओला गिलावा लागतो. ज्याचं माणूस हरवलं, तो येऊन लावतो. गावची पोरं हीच भिंत बघून शिकली. फवाऱ्याचे डबे घेऊन गल्लीबोळांत तशीच मोठाली माणसं काढतात, खाली सरकारला चार खडे बोल सुनावतात. पालिका चुना फासते, पोरं पुन्हा काढतात.

सध्या थापी शेवंताबाईच्या हातात आहे. तिची रेणुका अशीच भिंत रंगवताना पोलिसांच्या गाडीत घातली गेली, ती अजून आलेली नाही. पोरांनी परवा विचारलं, "मावशी, रेणुकाचा चेहरा आमी काढू का?"

शेवंताबाईनं गिलाव्यावरून हात फिरवला. "नगं रं," ती म्हणाली. "माझी पोरगी तुमच्यापरीस चांगलं काढती. तिचं ती यिऊन काढंल."