आटवलेलं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा होता आणि अख्ख्या पाड्याला विहीर एकच. ती देवलीच्या शेतात होती. बायका तिथेच हंडे भरायच्या, लग्नघरी हळदीचं पाणीही तिथूनच मानाने जायचं. त्यामुळे देवलीचा तोरा विचारू नका. विहिरीला लागूनच तिचा मिरचीचा मळा होता. मिरची जोमात यावी म्हणून ती युरिया हात सैल सोडून टाकायची. उकिरडाही काठालाच होता.

एके दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई पाणी तपासून सांगायला आल्या. "देवलीताई, तुमच्या पाण्यात खताचा अंश उतरलाय. त्याला नायट्रेट म्हणतात. दिसत नाही, चवीला लागत नाही. उकळलं तर पाणी आटतं, ते आटत नाही. तान्ह्या पोरांना हे पाणी अजिबात देऊ नका. चिमीच्या झऱ्याचं पाणी चांगलं आहे."

चिमीचं नाव ऐकलं आणि देवलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही चिमी नाल्यापलीकडे राहायची. कालपर्यंत तिच्या झऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. आता बायका देवलीच्या दारावरून हंडे घेऊन तिकडे निघाल्या. त्या वर्षी हळदीचं पाणीसुद्धा चिमीकडून गेलं. देवली ओट्यावर बसून नुसती जळत होती.

"चिमीनं नर्सबाईला गावठी कोंबडी चारली असणार," ती सुनेला म्हणाली. "मागल्या पावसात हीच नर्सबाई घरोघर सांगत फिरली, पानी उकळून प्या. आता म्हनते उकळून भागत नाय!"

सून मनकी बाळंतीण होती. ती तापाने पडली आणि तिचं दूध आटलं. तान्ह्या बाळाला दुधाची पावडर पाण्यात कालवून द्यावी लागली. मनकी काकुळतीला आली. "आत्या, पोरापुरतं तरी झऱ्याचं पानी आना."

"चिमीचं पानी माझ्या उंबऱ्याच्या आत येनार नाय."

देवली विहिरीचं पाणी चुलीवर चढवायची आणि निम्मं होईपर्यंत उकळायची. आपल्या विहिरीत खोट नाही, हे तिला साऱ्या पाड्याला दाखवून द्यायचं होतं.

थोड्याच दिवसांत बाळाचे ओठ निळसर पडले. नखं जांभळी झाली. रडायचंही त्राण त्याच्यात उरलं नाही. मनकीला उठवत नव्हतं, म्हणून देवलीच त्याला छातीशी धरून जीपने तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी बाळाला पाहिलं आणि विचारलं, "आजी, याला पाणी कुठलं पाजता?"

देवलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं: चिमीच्या झऱ्याचं. एवढं म्हटलं की झरा बदनाम झाला असता आणि सगळे हंडे पुन्हा तिच्या काठावर आले असते. खरं सांगणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर बाळाच्या नखांवर गेली.

"माझ्या हिरीचं," ती म्हणाली. "खत उतरलेलं. नको सांगितलं होतं, तरी आटवून आटवून मीच पाजलं."

डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शन मागवलं. "बरं झालं बोललात. नाहीतर निळे ओठ पाहून मी याच्या हृदयात दोष शोधत बसलो असतो. तेवढा वेळ याच्याकडे नव्हता."

बाळ वाचलं. घरी परतल्यावर देवली हंडा घेऊन नाला ओलांडून गेली. मनातली आग काही विझली नव्हती. झऱ्याभोवतीचं काट्यांचं कुंपण, झाडून काढलेली जागा, सगळं तिला टोचत होतं.

"आलीस शेवटी," चिमी म्हणाली.

"आले. तुझा राग मला अजून येतो, चिमे. पन पोराला तहान लागलीय. भर."

चिमीने हंडा काठोकाठ भरला आणि तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

तात्पर्य: मत्सर मनात येतोच, पण तो ज्याचा त्याने गिळावा, लेकरांना पाजू नये.