खवले मांजराची हाक

मुलांनो, ही कथा सांगणारे तिचे तपशील आपापल्या परीने बदलतात. कोणी कवठाच्या जागी नारळ घालतात, कोणी वानराच्या जागी मोर. नव्या खेळाडूच्या नावाची थट्टा मात्र एकाही पाठातून गळलेली नाही. त्यांपैकी एक पाठ असा :

एका ओढ्याच्या दोन काठांवर प्राण्यांचे दोन संघ नांदत असत. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळलेल्या कवठाचा चेंडू करून त्यांचा सामना होई. चेंडू समोरच्यांच्या दोन वारुळांमधून पार करायचा आणि तोंडात धरायचा नाही, एवढाच नियम. जिंकणाऱ्या काठाने ऋतुभर डोहावर आधी पाणी प्यायचे, असा संकेत होता. पलीकडच्या काठावर रानडुकरे होती; ती आधी उतरली की मागच्यांना चिखलच उरे. गेल्या उन्हाळ्यात अलीकडच्या पाडसांनी तो चाटून दिवस काढले होते.

मैदानातले गवत उंच असल्याने खेळाडूंना एकमेकांचा ठाव लागत नसे. म्हणून अलीकडचा वानर मोहाच्या झाडावर बसून, जो मोकळा असेल त्याचे नाव पुकारी, आणि चेंडू त्याच्याकडे जाई. त्या वर्षी चितळाचा पाय दुखावला आणि त्याच्या जागी खवले मांजर आले. ते दिवसा फिरकत नसल्याने कोणाच्या ओळखीचे नव्हते. नाव ऐकताच साळुंक्यांना ऊत आला.

"मांजर म्हणे. मिशा घरी विसरलास का रे?"

"अगं, खवले आहेत ना? ओढ्यात सोडा, पोहेल."

वानर मुळात गमत्या. त्याने तर गाणेच रचले : "वरून मासा, नावाने बोका, पाहुणा आला, दार ठोका."

"नाव काही मी ठेवलेले नाही, वानरदादा," खवले मांजर शांतपणे म्हणाले. "हसा खुशाल. मी मोकळे दिसले की तेवढे सांगा."

सामना बरोबरीत रेंगाळला. उन्हे कलली तेव्हा वानराला दिसले, की पलीकडच्यांच्या दोन वारुळांसमोर उतारावर खवले मांजर एकटेच उभे आहे. त्याने नाव पुकारले. चेंडू कोल्ह्याजवळ होता. कोल्हा हसला. "दादा, आता गाणे पुरे," म्हणत त्याने चेंडू सशाकडे ढकलला, आणि रानडुकराने तो मध्येच अडवला.

वानर चरकला. मैदानाच्या कडेला पाडसे मान उंचावून उभी होती. कोल्ह्याने धडपडून चेंडू परत मिळवला, तसा वानर खालच्या फांदीवर उतरला. बिबट्या दिसला की ज्या स्वरात तो रानाला सावध करी, आणि ज्या स्वरात आजवर एकाही वानराने थट्टा केलेली नाही, त्या स्वरात तो म्हणाला, "खवले मांजर. डावीकडे. मोकळे आहे."

कोल्ह्याचे कान टवकारले. मागेपुढे न पाहता त्याने चेंडू डावीकडे लोटला. खवले मांजराने चेंडूभोवती अंगाचे वेटोळे केले आणि ते उतारावरून गडगडत निघाले. रानडुकराने मुसंडी मारली, पण नाकाला खवले बोचताच ते मागे सरले. चेंडू आणि खेळाडू दोघेही वारुळांमधून पार झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अलीकडचे प्राणी डोहावर आधी उतरले. पाडसे पोटभर नितळ पाणी प्यायली. त्यांच्या शेजारी खवले मांजरही प्यायले, आणि उजाडू लागताच बिळात झोपायला गेले.

तात्पर्य : ज्याचे नाव आपण केवळ हसण्यासाठी घेतो, त्याला गरजेला मारलेली हाकही आपल्याच माणसांना खरी वाटत नाही.