राणीची अर्धी गोधडी

एका राज्यात पुष्करसेन नावाचा राजा होता. त्याने गड जिंकले होते, माजलेल्या नदीला बांध घातला होता, पण घरात मात्र त्याला कोणी विचारीत नसे. घरात राज्य होते राणी मृगावतीचे.

राणीला दोन नाद होते. एक मुकी जनावरे पाळण्याचा, दुसरा गोधड्या शिवण्याचा. दारात शिंपी होते, आत दासी होत्या, तरी दुपारची जेवणे आटोपली की ती जुनी लुगडी आणि राजाची विरलेली उपरणी पसरून धावदोरा घालीत बसे. तिच्या मांडीशी एक पिवळा बोका निजे. त्याचे नाव तिने सुभेदार ठेवले होते, त्यामुळे दरबारातले खरे सुभेदार मनातून रुसलेले असत. खिडकीच्या दांडीवर वेणू नावाची साळुंकी बसे. साळुंकी माणसासारखी बोले. त्या राज्यात ते नवल नव्हते. नवल एवढेच, की ती हुबेहूब राणीच्या आवाजात बोले. राजा दरबारातून उशिरा परतला की दोन्हीकडून एकदम ऐकू येई, "आलात? पाय धुवा आधी."

सून सौदामिनीला दिवस गेले, तेव्हा राणीने नातवंडासाठी गोधडी शिवायला घेतली. ती अर्धी झाली आणि राणीला ताप आला. तो उतरला नाही.

राजा रडला नाही. त्याने राणीच्या खोलीला कुलूप घातले आणि हुकूम केला, "इथलं काही हलवायचं नाही. सुई आहे तिथेच राहील."

तेराव्याची पंगत उठली तोच दारात एक मांत्रिक येऊन उभा राहिला. त्याचे नाव शैलकेतू. त्याच्या डोळ्यांच्या पापण्या कधी मिटत नसत.

"राजा, कुलपाने काळ अडत नाही," तो म्हणाला. "मी अडवतो. तुझ्या राज्यात सगळं आहे तसं राहील. पाखराच्या गळ्यातला तो आवाजसुद्धा."

"मोल काय?"

"राणीच्या डब्यातली दोऱ्याची गुंडी."

राजाला वाटले, फुकटच पडले. त्याने गुंडी दिली. मांत्रिक हसला व निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राज्यात कोणाच्याच घरी दही लागले नाही. विरजण घातलेले दूध दूधच राहिले. कोंबड्या अंड्यांवर बसून बसून चिडल्या, पण पिल्लू निघेना. कळी उमलेना, कुंभाराचे मडके वाळेना. न्हावी दरबारात येऊन म्हणाला, "महाराज, कोणाची दाढीच वाढत नाही. मी खाऊ काय?" दरबार हसला. राजाही हसला.

मग सौदामिनीचे दिवस भरले. भरले आणि उलटून गेले. युवराज दूर सीमेवर होता, त्याला काय कळवायचे ते कोणाला सुचेना. एके सकाळी ती जड पावलांनी सासऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, पोटात बाळ लाथा मारायचं. आता मारत नाही."

राजाने राजवैद्याकडे पाहिले. वैद्य म्हणाला, "जीव आहे, महाराज. पण दगडाखालचं बी फार काळ तग धरत नाही."

राजा उठला. त्याने राणीच्या खोलीचे कुलूप काढले. आत सारे तसेच होते. जमिनीवर अर्धी गोधडी, तिच्यात टोचलेली सुई, वर निजलेला बोका, दांडीवर साळुंकी.

"वेणू, याला उतारा काय?"

"आलात? गोधडी पुरी करा."

"शिंप्याला बोलावतो."

"ज्याने थांबवलं त्यानेच पुढे न्यावं. बोका उठवा, दोरा आणा, टाके घाला. तीन कामं. गड जिंकलेत ना? मग हे काय अवघड?"

राजाने बोक्याला दोन्ही हातांनी धरले आणि उचलले. बोका हलला नाही. तो डोंगराएवढा जड झाला होता. पहिलवान आले, घामाघूम होऊन गेले. बोक्याच्या पोटाखालून दोर घालून हत्ती जुंपला, हत्तीच बसला. शेवटी राजा ताठ उभा राहून म्हणाला, "सुभेदार, उठा! आमची आज्ञा आहे."

बोक्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"बोक्याला आज्ञा करतात होय?" साळुंकी म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात राहिलात, कधी हात तरी लावलात का त्याला?"

नव्हता लावला. राजा मुकाट्याने जमिनीवर बसला. त्याने हात पुढे केला, बोका चावला. राजा बसून राहिला. त्याने हनुवटीखाली खाजवले, बोक्याने कान पाडले. मग राणीचा हात कुठे असायचा ते राजा आठवू लागला. दरबारच्या गोष्टी सांगताना समोर पाहिलेले, पण कधी लक्ष न दिलेले. शेपटीच्या अगदी वर, पाठ संपते तिथे. त्याने तिथे बोटे फिरवली. बोक्याने कमान केली, लांबलचक आळस दिला, आणि गोधडीवरून उठून राजाच्या मांडीवर येऊन बसला. आता त्याचे वजन बोक्याएवढेच होते.

राजा दोरा आणायला निघाला तेव्हा बोका आपणहून त्याच्या खांद्यावर चढला. "खाली उतर," राजा म्हणाला. बोका उतरला नाही, आणि आता राजाला आज्ञेचा मोह उरला नव्हता.

शैलकेतूचा खजिना काळदरीत होता. दारात एक अजगर वेटोळे घालून पडला होता. आत सोन्याचे ढीग होते आणि ढिगांपाशी माणसे उभी होती, वाकलेली, हात पुढे केलेली, नखशिखान्त सोन्याची.

अजगर म्हणाला, "खुशाल आत जा. ज्याचा हात सोन्याला लागेल तो सोन्याचा होईल."

"मला सोनं नको. एक दोऱ्याची गुंडी हवी."

"ती ढिगांच्या तळाशी आहे. उपसल्याशिवाय कशी मिळणार?"

राजा दारातच थांबला. शौर्याचे इथे काही काम नव्हते. एवढ्यात खांद्यावरचे ओझे हलके झाले. बोका खाली उतरला, सोन्यावरून धूळ तुडवावी तसा चालत गेला, एका ढिगाशी हुंगला, पंजाने उकरू लागला. नाणी खळखळली. ज्याला सोने म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला शाप तरी कसा लागणार? बोक्याने गुंडी बाहेर काढली, उलटीपालटी केली, तिच्यावर झेप घेतली, पुन्हा सोडली, आणि थापट्या मारीत मारीत थेट राजाच्या पायांशी घरंगळत आणली.

अजगराने वेटोळे सैल केले. मग म्हणाला, "बोक्याचं मला कोणी काही सांगितलं नव्हतं. जा."

तिसरे काम राजाने सर्वांत सोपे समजले होते. सौदामिनीने त्याला सुई ओवायला शिकवले, गाठ मारायला शिकवले. राजाचा पहिला टाका गोधडीत गेला, दुसरा बोटात.

"मामंजी, सुई ढकलायची असते. भाल्यासारखी मारायची नसते."

राणीच्या रांगा सरळ होत्या, पेरलेल्या शेतासारख्या. त्यांच्या पुढून राजाची रांग निघाली ती डगमगत.

"ही शिवण की ताडी पिऊन घरी निघालेल्याची वाट?" साळुंकी म्हणाली.

सौदामिनी हसली. राजाही हसला आणि एकदम थांबला. साळुंकीचा आवाज किंचित विरला होता. पुढच्या रांगेला आणखी विरला. राजाने वर पाहिले. खिडकीत शैलकेतू उभा होता.

"कळलं ना?" मांत्रिक म्हणाला. "गोधडी पुढे सरकेल तसा तो आवाज सरेल. पुरी झाली की कुठल्याच मंत्राने परत येणार नाही. सुई खाली ठेव, राजा. घरी येत जा, हाक ऐकत जा. आणखी काय हवं माणसाला?"

राजाची सुई थांबली. सौदामिनीने सासऱ्याकडे पाहिले नाही. तिचा हात पोटावर होता आणि नजर गोधडीवर.

"वेणू," राजा म्हणाला, "आवाज जाईल तुझा."

"मी पाखरू आहे. दुसरा शिकेन. तुमचं तुम्ही पाहा."

"मग एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"रोजचंच."

"आलात?" साळुंकी म्हणाली. "पाय धुवा आधी."

"आलोच," राजा म्हणाला, आणि त्याने दोरा ओढला.

तो शिवीत गेला. रांगेमागून रांग आली, आवाज गेला, आणि शेवटचा कोपरा तेवढा राहिला. राजाने तो शिवला. टाके आपोआप उसवले. पुन्हा शिवला, पुन्हा उसवले. खिडकीत मांत्रिक हसू लागला.

साळुंकीला आता सांगता येत नव्हते. सौदामिनीही गोंधळली. राजा त्या उघड्या कोपऱ्याकडे पाहत राहिला आणि त्याला आठवले की राणीची गोधडी पुरी होत आली की ती जेवताना त्याच्या पानातला भाकरीचा तुकडा उचलून पदराला बांधून नेई. "राणीसाहेब, स्वयंपाकघरात भाकऱ्या संपल्या काय?" तो चेष्टेने विचारी. ती म्हणे, "मला नको. तिला हवा. उपाशीपोटी कोणाला ऊब देता येत नाही." ती साळुंकीबद्दल बोलते आहे, असेच त्याला वाटत आले होते.

"माझं पान वाढा," राजा म्हणाला.

पान आले. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, गोधडीच्या कोपऱ्यात ठेवला, वरून कापड दुमडले आणि टाका घातला. टाका बसला. गाठ मारून त्याने दोरा दातांनी तोडला.

तेवढ्यात शैलकेतूच्या पापण्या मिटल्या. जन्मात पहिल्यांदा मिटल्या. त्याने अडवून ठेवलेला सारा काळ एकदम त्याच्यावर कोसळला आणि तो जागच्या जागी दगडाचा खांब झाला. पुढे तो खांब गोठ्यात नेऊन रोवला. म्हशींना पाठ घासायला बरा पडला.

मग राज्यभर एकच गडबड उडाली. घरोघरी दही एकदम लागले. अंडी तडकली, पिल्ले अंगणभर झाली. राहिलेल्या साऱ्या कळ्या उमलल्या. पुरुषांच्या दाढ्या छातीपर्यंत आल्या आणि न्हाव्याला जेवायलाही सवड उरली नाही. काळदरीतली सोन्याची माणसे माणसे झाली, त्यांनी रिकामे हात झटकले आणि आपापल्या घरची वाट धरली.

आणि राणीच्या खोलीतून, जिथे सौदामिनीला घाईने निजवले होते तिथून, बाळाचा टाहो ऐकू आला. मुलगी झाली. राजाने तिला गोधडीत गुंडाळले, सरळ रांगा आणि वाकड्या रांगा एकत्र तिच्या अंगाभोवती आल्या. नगारखान्यात नगारे वाजले, गडागडावरून तोफा सुटल्या, युवराज घोडा फेकीत आला. बाळाला राणीचे नाव द्यावे असे सगळ्यांच्या मनात होते. राजा म्हणाला, "नको. तिचं तिला असू दे." बारशाला नाव ठेवले अन्विता.

खोलीला पुन्हा कुलूप लागले नाही. साळुंकी मात्र दांडीवर गप्प बसून असे.

पुढे एका दुपारी राजा दुसरी गोधडी शिवीत होता. बोका मांडीशी होता, नात समोर चिंध्यांशी खेळत होती. राजाला सुई टोचली; तो काही बोलला नाही, कारण नात जवळ होती. तोच दांडीवरून राजाच्याच आवाजात स्पष्ट ऐकू आले, "अगं आई गं! पुन्हा टोचली मेली!"

नात खदखदून हसली. राजाने वर पाहिले आणि तोही हसला, इतका की बोका उठून गेला.

जशी त्या घरची गोधडी पुरी झाली, तशी तुमच्या आमच्या घरची अर्धी राहिलेली कामे पुरी होवोत, आणि शेवटच्या कोपऱ्यात भाकरी ठेवायची आठवण राहो.