केरबाची शिस्त

फार मागे घडलेली, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही जी ऐकूनच माहीत होती, अशी ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण हिच्यात जे चुकले ते सगळे मोठेच होते.

दोन डोंगरांच्या मधे पानमळ्यांचं एक गाव होतं. शेवरीच्या झाडांवर खायच्या पानांच्या वेली चढवायच्या, पानं खुडायची, डालग्यात रचून बाजारात न्यायची, यावरच गावाचं पोट. आणि या वेली भारी नाजूक. एकीच्या मुळाला कूज लागली की शेजारच्या वेलीला लागते, मग तिच्या शेजारच्या वेलीला, आणि महिन्याभरात अख्खा मळा बसतो. त्या रोगाला ते लोक 'मर' म्हणत.

या गावात केरबा नावाचा मळेकरी होता. मर ओळखावी ती त्यानंच. पान जरासं मलूल दिसलं की तो वेल उपटायचा, जाळायचा, आणि ज्याचा हात तिला लागला असेल त्याला आंघोळ केल्याशिवाय दुसऱ्या मळ्यात पाऊल टाकू द्यायचा नाही. त्याच्या या शिस्तीनं गाव दोनदा उपाशी मरता मरता वाचलं होतं. म्हणून त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. शिस्त खोटी नव्हती हो त्याची. ती वेलींसाठी होती, एवढंच तो विसरला.

केरबाची थोरली बहीण हौसा. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. तिचं सासरही गावातच होतं. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, सटवाचा, मळा केरबाच्या मळ्याला लागूनच होता. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

एका वर्षी हौसाच्या छातीत गाठ आली. सटवानं तिला बैलगाडीत घालून लांबच्या वैद्याकडे नेलं. सोबत केरबाही गेला. वैद्यानं नीट तपासलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं, की हा कर्करोग आहे, मी गाठ काढतो, औषध देतो, पण हा पुन्हा डोकं वर काढेल आणि बाईंना बरीच वर्षं याच्यासोबतच काढावी लागतील. मग दोघा पुरुषांकडे बघून तो म्हणाला, "शिवल्यानं हा लागत नाही. माणसं जवळ असू द्या."

केरबानं हे दोन्ही कानांनी ऐकलं. पण परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात मरच फिरत होती. वैद्याला कुजीतलं काय कळतंय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. गावात आल्यावर त्यानं सगळ्यांना बजावलं, की हौसाच्या घरात कुणी जायचं नाही, त्यांची पानं गावाच्या डालग्यात मिसळायची नाहीत, आणि सटवानंही दुसऱ्याच्या मळ्यात यायचं नाही. सख्खा भाऊच असं म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांना काय, आयतं निमित्त मिळालं. आजाऱ्याच्या घरी जायला तसेही कुणाचे पाय चटकन उचलत नाहीत.

आता केरबा बहिणीवर जीव टाकायचा, यात खोटं काही नाही. रोज दुपारी तो दूध, फळं, गूळ असं काहीबाही टोपलीत घालून कुंपणापाशी ठेवायचा, चार पावलं मागे सरायचा आणि तिथून ओरडून विचारायचा, की आक्का, बरं आहे ना. हौसा बरं आहे म्हणायची. मग हा घरी जाऊन पोटभर जेवायचा. आपण बहिणीचं किती करतो, असं त्याला मनापासून वाटायचं.

अशी तीन वर्षं गेली. हौसाचे काही दिवस चांगले जायचे. तेव्हा ती अंगणात बसून पानं निवडायची, नवऱ्याची थट्टा करायची. काही दिवस वाईट जायचे. तेव्हा तिला कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा, आणि तो माणूस म्हणजे सटवा. जखम धुणं, तिला भरवणं, चूल, पाणी, मळा, सगळं एकट्या सटवावर. ज्यानं जन्मात चुलीत लाकूड सारलं नव्हतं, तो पेज करायला शिकला. हौसाला बरं आहे का, हे निदान कुंपणापलीकडून विचारलं जायचं. सटवाला कुणी काहीच विचारत नसे.

चौथ्या वर्षी उतरणीचे दिवस आले. वर्षातून एकदा, उंच गेलेल्या वेली झाडावरून उतरवून मातीत गाडाव्या लागतात. काम दोघांचं असतं. एक शिडीवरून वेल सोडवतो, दुसरा ती खाली झेलतो. सटवा दोन्ही एकट्यानं करत होता. हौसाचे वाईट दिवस चालू होते, आणि चार दिवसांत त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भर दुपारी शिडीवरच त्याला भोवळ आली आणि तो खाली कोसळला.

हौसाला तो उचलेना. ती कशीबशी झाडांना धरत केरबाच्या मळ्याशी आली. तिथंही उतरण चालली होती, दहाबारा माणसं कामाला लागलेली. हौसा बांधावरच थांबली.

"केरबा," ती म्हणाली, "मी आत येत नाही रे. तुझ्या वेलींना हात लावत नाही. यांना उचलायला तेवढा एक माणूस दे."

जिनं त्याला कडेवर घेऊन हा मळा दाखवला, ती बांधावर उभी राहून त्याची परवानगी मागत होती. केरबाच्या हातातली वेल सुटली. दहाबारा माणसांनी माना खाली घातल्या. कुणालाच तिच्याकडे बघवेना.

केरबा धावला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते कुंपण ओलांडलं. सटवाला पाठीवर घेऊन तो घरात आला, आणि त्याला निजवताना त्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस तीन वर्षं हौसाच्या ताटात जेवला होता. तिच्या जखमा यानं उघड्या हातांनी धुतल्या होत्या. आणि याच्या अंगावर रोगाची एक खूण नव्हती. नुसता थकून थकून हाडांचा सापळा झाला होता. वैद्य बोलला ते केरबाला शब्दन् शब्द आठवलं.

सटवा थोड्या वेळानं शुद्धीवर आला. दाजी, तुम्ही मला एक हाक तरी मारायची होतीत, असं केरबा कसाबसा म्हणाला.

"मारणार होतो," सटवा म्हणाला. "हिनं मारू दिली नाही. परगावचे नातेवाईक विचारायचे, भाऊ शेजारीच असून येत कसा नाही? तर ही सांगायची, मीच त्याला येऊ नको म्हटलंय. माझ्या भावाला कुणी नावं ठेवायची नाहीत, म्हणायची."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हौसाच्या पायाशी जाऊन बसला, पण पायांना हात लावायचीही त्याला लाज वाटली. तिनंच त्याचा हात ओढून घेतला. तेव्हा त्याला कळलं की तिच्या हातात आता काही ताकदच उरलेली नाही.

"रडणं नंतर," ती म्हणाली. "यांच्या पोटात सकाळपासून काही नाही. चूल पेटव."

दुसऱ्या दिवशी केरबानं गाव गोळा केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आक्काच्या रोगाला मी भ्यालो, आणि माझ्या भीतीला शिस्त म्हणून तुमच्या गळ्यात घातलं. हा रोग लागत नाही, हे वैद्यानं मला सांगितलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही."

कुणी त्याला दोष दिला नाही. देणार कोण? तीन वर्षं सटवाला एकदाही पाहिलं नाही म्हणून कुणाचं अडलं नव्हतं, आणि हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. एकेक जण गुपचूप उठला. एकीनं भाकरी नेली, दोघांनी शिडी धरली, एक म्हातारी हौसाजवळ जाऊन बसली, की सटवाला झोप मिळावी. मग तो रिवाजच पडला. त्या घरात रोज कुणी ना कुणी असायचं.

रोग गेला नाही. हौसा आणखी दोन वर्षं जगली. चांगल्या दिवसांत अंगणात बाया जमायच्या आणि ती सगळ्यांची थट्टा करायची. वाईट दिवसांत तिला कुशीवर वळवायला केरबाही शिकला. ती गेली तेव्हा सटवा उशाशी होता आणि केरबा पायाशी.

तेराव्याला जमलेले लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. केरबानं मान वर केली नाही.

"आक्का पाच वर्षं आजारी होती," तो म्हणाला. "मी दोनच वर्षं आलो."

बाबांनो, आजाऱ्याच्या आणि त्याचं करणाऱ्याच्या दारात जायचं तर आजच जा, कारण उशिरा गेलेल्याला माफी मिळते, राहून गेलेले दिवस मिळत नाहीत.