घाबरण्याचं काही कारण नाही

आमच्या अग्निशमन दलाच्या शलाका वाघचौरेंनी माईक हातात घेतला की भलेभले गार होतात. उगाच सांगत नाही, ऐका.

संकटाच्या वेळी लोकांशी कसं बोलावं, याचं प्रशिक्षण होतं. शिकवायला मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले खानविलकर साहेब. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'घाबरण्याचं काही कारण नाही. परिस्थिती नियंत्रणात आहे.'

"पूर असो, आग असो, एवढंच बोलायचं. खरं सांगितलं की लोक पळत सुटतात!"

शलाकाताई म्हणाल्या, "साहेब, उलट आहे."

"बाई, तुम्ही आग विझवा. बोलणं मला शिकवू नका."

चहानंतर साहेबांचं भाषण रंगात आलं असताना ताई लगबगीने आत आल्या आणि माईक घेऊन म्हणाल्या, "सर्वांनी जागेवरच बसून राहावं. घाबरण्याचं काही कारण नाही. परिस्थिती नियंत्रणात आहे."

अख्खं सभागृह उठलं. खुर्च्या आडव्या झाल्या. सगळ्यांच्या आधी दाराशी पोचले खानविलकर, आणि बाहेर उघडणारं दार आत ओढू लागले!

"आग कुठेही नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "ही तालीम होती. आणि साहेब, दार ढकला."

सगळे हसत खाली बसले.

"हा काय चावटपणा?" साहेब कडाडले.

"तुमचं वाक्य ऐकून पहिले तुम्हीच पळालात, साहेब. खरं सांगितलं, तेव्हा सगळे बसले. आता गावात पाणी शिरलं, तर यातलं कुठलं बोलू?"

खानविलकरांनी फळा पुसला आणि खडू ताईंच्या हातात दिला.

तो खडू आमच्या केंद्रात ठेवलाय. ट्रॉफ्यांच्या पुढे!