पाटावर उभा तो नवरा

हौसा कासारणीचं लग्न मोडलं, तेही वीस वर्षं संसार झाल्यावर, आणि मोडलं कुणी, तर राजाच्या कारकुनाने!

"बाई, तुमच्या लग्नात अक्षता कशाच्या होत्या?" त्याने दारातूनच विचारलं.

"जोंधळ्याच्या. आमच्याकडं भात पिकतोय कुठं?"

"मग तुमचं लग्न लागलेलंच नाही!"

त्याचं काय झालं, जांभूळगडच्या रणधवल महाराजांपुढे एका लग्नाचा तंटा आला होता. मुलाकडचे म्हणत लागलं, मुलीकडचे म्हणत नाही लागलं. सात दिवस दोन्हीकडचं वऱ्हाड दरबारात भांडलं. महाराजांचं डोकं उठलं! त्यांनी शास्त्रीबुवांकडून लग्नाची व्याख्याच लिहून घेतली आणि गावोगाव दवंडी पिटवली. मध्ये अंतरपाट हवा, अक्षता तांदळाच्याच हव्यात आणि वधूसमोर पाटावर जो उभा राहील, तोच तिचा नवरा. यातलं एक जरी चुकलं, तरी ते लग्न नव्हे! जुनी लग्नं तपासायला घरोघर कारकूनही सुटले. शास्त्रीबुवा पडले भाताच्या मुलखातले. जोंधळा त्यांनी फक्त पाखरांपुढे टाकलेला पाहिला होता.

"म्हंजे मी अजून बिनलग्नाचा?" हौसाचा नवरा सटवाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

"मिशा कसल्या कुरवाळताय?" हौसा कडाडली. "आठ दिसांवर शकूचं लगीन आलंय. कन्यादानाला जोडीनं कोण बसणार? शेजारी?"

सटवाजीचा हात मिशीवरच थांबला. "मग तांदूळ टाकून पुन्हा लावू की आपलं!"

"आन् पोरगी लग्नाआधीची ठरली, तर व्याही मांडवात पाय ठेवतील व्हय?"

आत शकू रडून रडून डोळे सुजवून बसली होती. एकुलती एक लेक! हौसाला ते बघवेना. तिने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

महाराज म्हणजे हट्टाचं गाठोडं. हौसाचं सगळं गाऱ्हाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कायदा म्हणजे कायदा! या व्याख्येत न बसणारं एक तरी जोडपं मला दाखव, ज्याला मी स्वतः, माझ्या तोंडाने, नवरा-बायको म्हणेन. दाखवलंस तर कायदा रद्द. नाहीतर आल्या वाटेने परत जा!"

दरबारी गालात हसले. राजा आपल्याच तोंडाने आपला कायदा कशाला मोडेल?

हौसाने खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "त्ये बघू, महाराज. आधी माझी एक फिर्याद ऐकावी. लई वंगाळ परकार हाय."

"बोल!"

"एका लग्नाच्या बाईच्या महालात एक परका पुरुष राजरोस येतो. जेवतो काय, विडे खातो काय, पाय चेपून घेतो काय! आन् तिचा खरा नवरा बिचारा शस्त्रागारात खुंटीला टांगलाय!"

"खुंटीला?" महाराज ताडकन उठले. "माझ्या राज्यात? कोण आहे तो लफंगा? नाव सांग!"

"नाव घ्यायला जीभ रेटत न्हाई, महाराज. पर ते लगीन म्या डोळ्यांनी बघितलंय. नवरीच्या हातात हिरवा चुडा म्याच भरला व्हता. अंतरपाट व्हता, अक्षता बी तांदळाच्या व्हत्या. पर नवरीसमोर पाटावर माणूस न्हवता. तलवार उभी केली व्हती!"

प्रधानजींना एकाएकी खोकला आला. सगळ्यांना आठवलं! महाराज मोहिमेवर अडकले होते, मुहूर्त टळायला आला होता, तेव्हा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी स्वतःऐवजी आपली तलवार धाडली होती. राणीसाहेबांचं लग्न लागलं ते तिच्याशी.

"पाटावर उभा तो नवरा, असा कायदा हाय," हौसा हात जोडून म्हणाली. "म्हंजे राणीसाहेबांचा नवरा ती तलवार. मग महाराज, आपण त्यांचे कोण?"

"कोण म्हणजे?" महाराज लालबुंद झाले. "अगं, ती माझी बायको आहे आणि मी तिचा नवरा आहे! अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे!"

"ऐकलंत का हो समद्यांनी?" हौसाने लवून मुजरा केला. "महाराज आपल्या तोंडानं बोलले. जोडपं म्या दावलं!"

एवढ्यात पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "शास्त्रीबुवा, कायदा राहू द्या हो तसाच! तलवार निदान घोरत तरी नाही!"

सगळ्यात आधी महाराजच हसले. पगडी तिरकी होईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग शास्त्रीबुवांच्या हातातला तो कायद्याचा कागद त्यांनी घेतला आणि टराटरा फाडून टाकला. राणीसाहेबांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून शकूसाठी बाहेर पाठवल्या, आणि लग्नाला राजवाड्याची वाजंत्री धाडायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला.